सौदी आणि इराण, दोघांच्याही ओट्यावर चीन : हा तोल कुठवर टिकेल?

तापीकाठ (यावल)

नमस्कार मंडळी. मी केळी उत्पादक आहे. गेली काही वर्षे आमच्या बागेतला निर्यातक्षम माल व्यापाऱ्यामार्फत आखातात जातो. घड जमिनीला न टेकवता उतरवायचा, फण्या सोडवायच्या, धुवायच्या, १३ किलोच्या पेटीत भरायच्या आणि १३.५ अंशांवर ठेवलेल्या कंटेनरातून न्हावा शेवाकडे रवाना करायच्या, एवढेच आमच्या हातात असते. पेटी पुढे इराणच्या बंदर अब्बासला उतरणार, दुबईला की सौदीच्या दम्मामला, हे ठरवणारी माणसे वेगळी. परंतु कापणीच्या आदल्या संध्याकाळी फोनवर जो भाव सांगितला जातो, त्यात त्या समुद्राची बातमी मिसळलेली असते, हे आता पुरते कळले आहे. म्हणून त्या भागाविषयी मिळेल ते वाचू लागलो आणि एका प्रश्नापाशी अडलो.

१० मार्च २०२३ रोजी सौदी अरेबिया आणि इराण यांनी बीजिंगमध्ये समझोता केला. जानेवारी २०१६ पासून या दोन देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते. एकाकडून तेल घेणारा आणि दुसऱ्याकडूनही तेल घेणारा चीन मध्ये बसला आणि दोघांनी हात मिळवले. हे त्याला कसे साधले?

आमच्या शिवारात दोन चुलतभाऊ आहेत. बांध आणि विहिरीचे पाणी यावरून त्यांचा वाद इतका जुना आहे की एकमेकांच्या घरच्या लग्नालाही ते जात नाहीत. दोघांच्या केळीचा खरेदीदार मात्र एकच. तो सकाळी एकाच्या ओट्यावर चहा घेतो आणि दुपारी दुसऱ्याच्या. एका वर्षी एकाने दुसऱ्याच्या बागेकडे जाणारी गाडीवाट नांगरून टाकली, तेव्हा याच व्यापाऱ्याने दोघांना सावद्याला बोलावून समोरासमोर बसवले आणि वाट मोकळी करून घेतली. ट्रक त्याचाच अडला होता. चीनचे तसेच आहे का? आणि तसेच असेल, तर अशा मध्यस्थाचा शब्द कुठवर चालतो? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

तापीकाठ, प्रश्न नेमका आहे. आधी थोडे मागे जातो, कारण या दोघांना एकाच वेळी सांभाळण्याचा प्रयत्न करणारी चीन ही पहिली महासत्ता नव्हे.

ब्रिटनने १९६८ मध्ये जाहीर केले की आपण आखातातून निघून जाणार, आणि १९७१ च्या अखेरीस तो गेलाही. ती पोकळी भरून काढण्यासाठी स्वतःची फौज पाठवण्याऐवजी निक्सन यांच्या अमेरिकेने इराणचे शाह आणि सौदी राजघराणे अशा दोन खांबांवर छप्पर उभे केले. दोघेही अमेरिकेचे मित्र होते, दोघांनाही शस्त्रे मिळत होती आणि दोघांचाही एकमेकांवर संशय होता. त्यातला इराणचा खांब जाड होता. १९७९ च्या क्रांतीत तोच कोसळला आणि १९८० पासून अमेरिकेचे तेहरानशी राजनैतिक संबंधच नाहीत. ज्याला एकाच घरात प्रवेश आहे, तो दोन घरांत समेट कसा घडवणार?

चीनने या काळात कोणतेच दार बंद होऊ दिले नाही. १९८० ते १९८८ या इराण-इराक युद्धात त्याची शस्त्रे दोन्ही बाजूंना जात होती. त्याच दशकात त्याने सौदी अरेबियाला मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रे विकली, आणि तीही अशा वेळी की दोघांमध्ये औपचारिक राजनैतिक संबंधसुद्धा नव्हते. ते १९९० मध्ये प्रस्थापित झाले. जानेवारी २०१६ मध्ये सौदी-इराण संबंध तुटून महिनाही झाला नव्हता, तेव्हा शी जिनपिंग एकाच दौऱ्यात रियाध आणि तेहरान या दोन्ही ठिकाणी गेले आणि दोघांशीही ‘सर्वंकष सामरिक भागीदारी’ जाहीर केली. दोघांना एकाच दर्जाचे नाव दिले गेले. मुत्सद्देगिरीत शब्दांचे वजन असेच तोलून दिले जाते.

पांझरा (धुळे)

मास्तरांच्या माहितीबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवतो. याला तोल सांभाळणे म्हणणे मला पटत नाही. तोल सांभाळणाऱ्याला काहीतरी पेलावे लागते. चीन काय पेलतो? आखातात त्याचा आरमारी तळ नाही, त्याच्या सर्वांत जवळचा तळ पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीला आहे आणि तोही २०१७ पासूनचा. समुद्र मोकळा ठेवण्याचा खर्च अमेरिका करते आणि त्याच समुद्रातून चीनचे तेल जाते. आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे आणि जगात वापरल्या जाणाऱ्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा तिथून जातो. तिथे उद्या खरोखर पेटले तर चीन निवेदन काढील.

हे अंदाजाने लिहीत नाही. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. चीनने निषेध केला, संयमाचे आवाहन केले आणि सुरक्षा परिषदेत भाषण केले. ज्याच्याशी स्वतः २०२१ मध्ये २५ वर्षांचा सहकार्य करार केला, त्याच्या घरावर बॉम्ब पडत असताना केवळ निषेध करणाऱ्याला मी ग्राहक म्हणेन.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

२०२३ च्या समझोत्याचे सारे श्रेय चीनला देण्याची घाई होते आणि त्यात दोन लहान देशांवर अन्याय होतो. त्या समझोत्याच्या निवेदनातच सौदी आणि इराण यांनी इराक आणि ओमान यांचे आभार मानले आहेत, कारण २०२१ आणि २०२२ मध्ये वाटाघाटींच्या फेऱ्या त्यांच्याकडे झाल्या होत्या. बगदादमध्ये दोन्ही बाजूंचे सुरक्षा अधिकारी महिनोन्‌महिने भेटत होते. शेत नांगरले एकाने, पेरले दुसऱ्याने आणि मळणीच्या दिवशी खळ्यावर उभा राहिला तिसरा, असे ते झाले. तिसऱ्याचे काम नगण्य नव्हते, कारण दोघांनाही साक्षीला मोठा माणूस हवा होता. परंतु पहिल्या दोघांची नावेही घेतली पाहिजेत.

दुसरे म्हणजे तोल सांभाळताना चीनचा पाय घसरला नाही असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शी रियाधला गेले आणि आखाती अरब देशांबरोबर एक संयुक्त निवेदन निघाले. त्यात मोठा तुंब, लहान तुंब आणि अबू मुसा या तीन बेटांचा प्रश्न शांततेने, वाटाघाटींनी सोडवण्याच्या संयुक्त अरब अमिरातीच्या प्रयत्नांना पाठिंबा होता. वाचायला हे वाक्य निरुपद्रवी वाटते. ती बेटे नोव्हेंबर १९७१ पासून इराणच्या ताब्यात आहेत आणि इराणच्या मते तिथे सोडवण्यासारखा प्रश्नच नाही. इराणने चीनच्या राजदूताला बोलावून नाराजी कळवली. पाठोपाठ चीनचे उपपंतप्रधान तेहरानला गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये इराणचे अध्यक्ष रईसी बीजिंगला आले आणि मार्चमध्ये तो समझोता झाला. एका वाक्याची दुरुस्ती करायला तीन महिने लागले. २०२४ मध्ये अमिरातीबरोबरच्या निवेदनात चीनने त्याच आशयाचे वाक्य पुन्हा घातले आणि राजदूताला पुन्हा बोलावणे आले. याचा अर्थ काय लावायचा, हे मला मास्तरांकडून ऐकायला आवडेल.

सातपुडा (शहादा)

ज्याची थैली मोठी, त्याच्याकडे तराजू झुकतो, असा साधा अर्थ लावावा.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

सातपुडा यांनी थोडक्यात सांगितले ते खरे आहे, पण थैलीचा हिशेब मांडून दाखवतो. २०२२ मध्ये चीन आणि सौदी यांच्यातला व्यापार १०० अब्ज डॉलरच्या वर होता. चीन आणि इराण यांच्यातला अधिकृत व्यापार १५ अब्जांच्या आसपास. सौदीची सरकारी तेल कंपनी चीनमधल्या तेलशुद्धीकरण उद्योगात भागीदार झाली आहे. इराणबरोबरच्या मार्च २०२१ च्या २५ वर्षांच्या कराराचा गाजावाजा पुष्कळ झाला, पण त्यातून उभे राहिलेले प्रकल्प शोधावे लागतात. तेव्हा दर्जाचे नाव एक असले तरी ताटातले वाढप एक नाही.

मात्र इराणला दुसरा मोठा ग्राहक नाही. त्याच्या निर्यात होणाऱ्या तेलाचा फार मोठा वाटा, जवळपास ९० टक्के, चीनच घेतो. गंमत पाहा : चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या आकड्यांत हे तेल इराणचे म्हणून दिसतच नाही. ते बहुतांशी मलेशियाचे म्हणून नोंदले जाते, आणि मलेशिया स्वतः काढते त्याहून अधिक तेल तिच्या नावावर चीनमध्ये उतरते. ते चीनच्या शांदोंग प्रांतातले छोटे खासगी तेलशुद्धीकरण कारखाने सवलतीच्या दरात घेतात, म्हणजे मोठ्या सरकारी कंपन्यांवर अमेरिकेचे निर्बंध येत नाहीत. एकाशी उजेडात व्यवहार, दुसऱ्याशी सावलीत, आणि दोन्ही नियमित. गिरणाकाठची यांनी विचारलेल्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ माझ्या मते हाच आहे की, इराण रागावेल पण सोडून जाणार नाही, हे बीजिंगला ठाऊक आहे.

आखाती_खान्देशी (दम्माम, मूळ पाचोरा)

हा धागा वाचून राहवले नाही. मी येथे तेरा वर्षे आहे आणि १४ सप्टेंबर २०१९ चा तो शनिवार कधीच विसरणार नाही. पहाटे अब्कैकच्या तेलप्रक्रिया केंद्रावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पडली. ते ठिकाण आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. सकाळी कामावर जायला निघालो, तर क्षितिजाच्या त्या बाजूला आभाळ काळवंडले होते. आमच्या सहा जणांच्या खोलीत कोणी काही बोलत नव्हते. एक जण फक्त पासपोर्ट कपाटातून काढून उशाखाली ठेवत होता. घरून आईचा फोन आला, तेव्हा मी “काही नाही, लांब आहे” असे सांगितले. सौदीचे निम्मे उत्पादन एका पहाटेत थांबले होते.

हल्ल्याची जबाबदारी येमेनच्या हूतींनी, म्हणजे इराणचा पाठिंबा असलेल्या तिथल्या सशस्त्र गटाने घेतली. सौदीने आणि अमेरिकेने इराणकडे बोट दाखवले. मात्र येथल्या लोकांच्या मनावर परिणाम झाला तो पुढच्या काही आठवड्यांत. अमेरिका धावून येईल असे सर्वांना वाटत होते आणि ती त्या अर्थाने आली नाही. माझा सौदी वरिष्ठ शांतपणे म्हणाला होता की शेजारी बदलता येत नाही. इराणशी बोलायला हवे, ही भावना मला त्यानंतर दिसू लागली. म्हणून मी पांझरांना नम्रपणे सांगेन की, चीन काही पेलत नाही हे मान्य, पण पेलणाऱ्याचाही भरवसा वाटेनासा झाला, तेव्हाच चीनची जागा तयार झाली.

समझोत्याचा लाभ सामान्य माणसाला झाला की नाही, एवढेच सांगतो. जून २०२३ मध्ये रियाधचा इराणी दूतावास उघडला आणि एप्रिल २०२४ मध्ये इराणचे यात्रेकरू अनेक वर्षांनी उमराहसाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी आले. विमानतळावर त्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या आणि मला पंढरीला निघालेली आमच्या गावची माणसे आठवली.

पांझरा (धुळे)

आपला अनुभव वाचून अंगावर काटा आला. जागा तयार झाली हा आपला मुद्दा मान्य करतो. जागा घेणाऱ्याने जबाबदारी घेतली नाही, हा माझा मुद्दा कायम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सौदीने परस्पर संरक्षणाचा करार केला तो पाकिस्तानशी, चीनशी नव्हे, याचाही विचार व्हावा.

दर्यावर्दी (भुसावळ)

मी मालवाहू जहाजावर इंजिन विभागात आहे. आपल्या भागातल्या फार थोड्या मुलांनी समुद्राची नोकरी धरली, त्यातला मी एक. तापीकाठ यांच्या पेटीचा प्रवास सांगतो, म्हणजे चीनचा तोल कुठे कामी येतो आणि कुठे नाही, ते दिसेल.

न्हावा शेवाहून निघालेला कंटेनर दम्मामला किंवा दुबईच्या जेबेल अलीला जायचा असेल तर होर्मुझ ओलांडावी लागते. बंदर अब्बास तर त्या सामुद्रधुनीच्या तोंडावरच आहे. पण सौदीच्याच जेद्दाहला जायचा असेल तर एडनच्या आखातातून, येमेनजवळच्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागते. नोव्हेंबर २०२३ पासून हूतींनी तिथे जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारी कितीतरी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. आम्ही त्या पट्ट्यातून शेवटचे गेलो त्या रात्री डेकवरचे अनावश्यक दिवे बंद होते, खलाशांना आत राहण्याचा हुकूम होता, आणि मी इंजिनरूममध्ये तापमानाच्या काट्यांकडे पाहत असताना प्रत्येक मोठ्या आवाजाला मान वर करत होतो.

त्या काळात काही जहाजे आपल्या स्थितिदर्शक यंत्रावर गंतव्य बंदराच्या जागी ‘चिनी मालक’, ‘चिनी खलाशी’ असे लिहून जात होती. हूतींनी चीनच्या जहाजांना हात लावणार नाही असे सांगितले होते, त्याचा तो परिणाम. इराणशी असलेल्या मैत्रीचा एवढा उपयोग चीनला झाला. तरीही मार्च २०२४ मध्ये हुआंग पू नावाच्या चिनी मालकीच्या टँकरवर क्षेपणास्त्र आदळलेच. चीनच्या युद्धनौका एडनच्या आखातात २००८ पासून चाच्यांविरुद्ध गस्त घालतात, पण अमेरिकेने उभारलेल्या संरक्षक आघाडीत चीन सामील झाला नाही आणि सौदीही झाला नाही. सौदीला हूतींशी चाललेली बोलणी मोडायची नव्हती. तेव्हा पांझरा, जबाबदारी टाळण्याचा दोष द्यायचा तर तो एकट्या चीनला देता येणार नाही.

सराफकट्टा (जळगाव)

मंडळी, चीनची चर्चा चालू द्या, पण आपल्या देशाने हाच तोल कसा सांभाळला, तेही पाहिले पाहिजे, कारण तापीकाठ यांच्या भावाचा संबंध त्याच्याशी अधिक आहे.

इराणवर निर्बंध असताना भारताने तेलाचे पैसे येथल्या एका सरकारी बँकेतल्या खात्यात रुपयांत भरण्याची व्यवस्था केली होती. त्या रुपयांतून इराणी आयातदार आपला बासमती, चहा आणि इतर माल घेत. मे २०१९ मध्ये निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि आपण इराणचे तेल घेणे थांबवले. त्या खात्यात भर पडणे थांबले, शिल्लक आटत गेली आणि त्याचा फटका आपल्या शेतमालाला बसला. चीनने त्याच परिस्थितीत सावलीतला मार्ग धरला. आपण उजेडात राहणे पसंत केले. त्याची किंमत शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी मोजली, हे मी कोणालाही दोष न देता लिहितो.

केळीचे तर आणखी एक प्रकरण होते. इराणने काही काळ केळीची आयात आपल्याच सफरचंदांच्या निर्यातीशी जोडली होती; सफरचंद बाहेर पाठवील त्याला केळी आत आणायची मुभा. रावेरच्या बागेतला घड इराणमधल्या उर्मियाच्या सफरचंदाशी असा बांधला गेला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल.

इराणच्या चाबहार बंदरासाठी मे २०२४ मध्ये आपण १० वर्षांचा करार केला, तोही याच तोलाचा भाग आहे. इस्रायल, अमिरात, सौदी आणि इराण या चौघांशीही बोलणारा दुसरा मोठा देश शोधायला फार लांब जायला नको.

तापीकाठ (यावल)

सफरचंदांची गोष्ट मला खरोखरच ठाऊक नव्हती. एका वर्षी “इराणचा गेट बंद आहे” एवढेच सांगून भाव पाडला गेला होता, आणि आम्ही मुकाट्याने माल दिल्लीच्या गाडीत भरला होता. तेव्हा हेच कारण असेल असे मी म्हणत नाही, पण विचारायचे काय, ते आता कळले.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

मास्तर, खान्देशातच याचा जुना दाखला आहे ना? फारुकींचा?

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

आहे, आणि तो आठवल्याबद्दल आभार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस थाळनेरला उभे राहिलेले आणि पुढे बऱ्हाणपूरला नांदलेले फारुकी राज्य गुजरात, माळवा आणि बहामनी यांच्या मध्ये अडकलेले होते. त्यांनी कधी गुजरातचे वर्चस्व मान्य केले, कधी बहामनी घराण्यात मुलगी दिली, आणि असिरगडाच्या जोरावर दोनशे वर्षांहून अधिक काळ काढला. १६०१ मध्ये असिरगड अकबराच्या हाती गेला आणि ते राज्य संपले.

पण हा दाखला उलट बाजूचा आहे. फारुकी लहान होते आणि भोवतीचे मोठे. त्यांना तोल सांभाळावाच लागत होता, नाहीतर राज्यच उरले नसते. चीनला हा तोल सोडून देणे परवडते, त्याचे अस्तित्व त्यावर टांगलेले नाही. आजच्या चित्रात फारुकींची जागा ओमान, कतार आणि इराक यांची आहे. म्हणूनच बगदाद आणि मस्कत येथे झालेले काम मला बीजिंगच्या सोहळ्याहून अधिक मोलाचे वाटते.

पांझरा (धुळे)

तापीकाठ, मूळ प्रश्नाकडे येतो. त्या चुलतभावांमध्ये पुढे कधी हातघाईची वेळ आली का? आणि तेव्हा तो व्यापारी कुठे होता? आपल्या उपमेची खरी परीक्षा तिथे आहे.

तापीकाठ (यावल)

आली होती. गेल्या उन्हाळ्यात विहिरीच्या मोटारीवरून काठ्या निघाल्या, एकाचे डोके फुटले आणि प्रकरण पोलीस ठाण्यात गेले. तो व्यापारी पंधरा दिवस गावात फिरकला नाही. दोघांनाही फोन करून त्याने सबुरीने घ्या म्हटले, जखमी झालेल्याच्या दवाखान्याची चौकशी केली आणि साक्ष देण्याचे टाळले. भांडण मिटवले ते गावातल्या दोन वडीलधाऱ्यांनी, ज्यांची दोघांशीही सोयरीक आहे. सोळाव्या दिवशी व्यापारी आला आणि दोन्ही बागांत कापणी झाली. त्यामुळे पांझरा यांचे म्हणणे मला पटते आणि गिरणाकाठची यांचेही.

एक मात्र सांगायला हवे. त्या सगळ्या भांडणात गाडीवाट कोणी नांगरली नाही. जखमी भावाच्या मुलाने ट्रॅक्टर काढला होता, तेव्हा त्यानेच स्वतः थांबवला, कारण वाट बंद झाली तर ट्रक दोघांचाही येणार नाही, हे आता दोन्ही घरांतल्या पोरांना कळते.

निवृत्त_मास्तर (अमळनेर)

तापीकाठ, एक विचारतो. ती वाट व्यापाऱ्याने नव्याने पाडून घेतली होती, की पूर्वीपासून होती? विचारण्याचे कारण असे की २०२३ च्या समझोत्याचा मजकूर पाहिला तर त्यात नवे फार थोडे आहे. सौदी आणि इराण यांच्यात १९९८ मध्ये व्यापार आणि सांस्कृतिक सहकार्याचा करार झाला होता आणि २००१ मध्ये सुरक्षेचा. बीजिंगमध्ये त्याच दोन करारांची अंमलबजावणी पुन्हा सुरू करायचे ठरले.

तापीकाठ (यावल)

पूर्वीपासूनची आहे, सर. गावनकाशात दाखवलेली आहे. माझे आजोबा त्याच वाटेने बैलगाडीतून केळी रावेर स्टेशनवर नेत असत.